सातबाऱ्यावर तिचे नाव : रांजणगावच्या शिवारातील शेतकरी स्त्री

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर रांजणगाव लागते. अष्टविनायकांतील महागणपतीचे हे स्थान आता औद्योगिक वसाहतीमुळेही तितकेच ओळखले जाते. सकाळच्या वेळी या रस्त्यावर दोन प्रकारची वाहने दिसतात. एक, पाळीला निघालेल्या कामगारांच्या कंपनी-बसगाड्या. दुसरी, डोक्याला रुमाल बांधलेल्या, नवऱ्याचा जुना सदरा लुगड्यावर चढवलेल्या, हातात खुरपे आणि जेवणाची फडकी घेतलेल्या बायकांनी भरलेले पिकअप टेम्पो. पहिल्या वाहनातील प्रत्येकाचे नाव कुठल्या ना कुठल्या हजेरीपटावर असते. दुसऱ्या वाहनातील नावे मुकादमीण सोडली तर कोणाच्याच वहीत नसतात.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले आहे. असल्या वर्षांचे पुढे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. परिसंवाद होतात, मानचिन्हे दिली जातात आणि कॅलेंडर बदलते. परंतु शेतकरी कोणाला म्हणायचे, हा या वर्षाच्या निमित्ताने उभा राहणारा प्रश्न मात्र जुना आणि खरा आहे. शिरूर तालुक्यापुरता पाहिला तर तो सव्वातीन हजार वर्षे मागे नेता येतो.

इनामगावची मूर्ती

घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यातच, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही या कामाशी निगडित नावे. महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांची जी वसाहत येथे उजेडात आली तिचा काळ इसवी सन पूर्व सुमारे १६०० ते ७०० असा मानला जातो. हे लोक बार्ली, गहू, मसूर, वाटाणा पिकवीत. धान्य साठवण्यासाठी बळदे आणि मातीच्या कणग्यांसाठी ओटे बांधीत. पुराचे पाणी वळवून शेताला देण्याचा बांध आणि पाटही येथे सापडला.

याच उत्खननात एका घराच्या जमिनीखाली पुरलेली मातीची एक लंबगोल डबी मिळाली. डबीत एक शिरोहीन स्त्रीमूर्ती आणि डबीवर दुसरी स्त्रीमूर्ती व एक बैल होता. शिरोहीन मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला एकेक छिद्र आहे. काडीने ती मूर्ती बैलावर बसवता येत असे. अभ्यासकांनी तिचा संबंध सुफलतेच्या देवतेशी जोडला. त्या देवतेची पूजा कोण करी, घरातील स्त्रिया शेतात नेमके काय करीत, हे मातीच्या मूर्ती सांगत नाहीत. पण पेरणीचे बैल आणि स्त्री यांची जोडी या शिवारात ऐतिहासिक काळाच्याही आधीपासून मांडली गेली होती, एवढे त्यावरून दिसते. पुढच्या काळात मात्र नांगराला बाईने हात लावू नये, लावला तर पाऊस रुसतो, असा समज गावोगाव रुजला. बैलावर बसलेली देवी चालते, बैलामागे चालणारी बाई चालत नाही. हा प्रवास कसा झाला याचा शोध अजून पुरता लागलेला नाही.

कोरडवाहू आणि बागायती

शिरूर तालुक्याच्या एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला घोड. मधल्या भागातील पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई, मलठण ही गावे पिढ्यान् पिढ्या अवर्षणाची म्हणून माहीत होती. बाजरी, मटकी, हुलगा, ज्वारी, आणि दुष्काळ पडला की खडी फोडणे. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर ज्या बायाबापड्यांनी पाझर तलावांची आणि रस्त्यांची कामे केली त्यांच्या श्रमावरच पुढे रोजगार हमी योजना कायद्याच्या रूपाने उभी राहिली. स्त्री-पुरुषांना सारखी मजुरी ही कल्पना अनेक खेड्यांनी प्रथम या कामांवर पाहिली. गावच्या शेतात मात्र ती आजही आलेली नाही.

चासकमान आणि डिंभे धरणांचे कालवे, घोड धरण आणि नंतर कूपनलिका यांनी हे चित्र बदलले. पाणी आलेल्या पट्ट्यात ऊस, कांदा, डाळिंब, तरकारी आणि संकरित गाई आल्या. बागायतीने घरात पैसा आणला हे खरे. पण तिने बाईचे काम किती वाढवले याचा हिशेब क्वचित मांडला जातो. बाजरीच्या शेतात खुरपणीच्या दोन पाळ्या, काढणी आणि मळणी झाली की हात मोकळे होत. कांद्याचे तसे नाही. आधी गादीवाफ्यावर रोप टाकायचे, ते उपटून जुड्या बांधायच्या, मग भिजलेल्या वाफ्यात दिवसभर ओणवे राहून एकेक काडी बोटाने रोवायची. त्यानंतर खुरपणी. उन्हाळ्याच्या तोंडाशी काढणी, मग विळ्याने पात कापणे, मग निवड, मग चाळीत भरणे. चाळीत कांदा सडू लागला की पुन्हा निवड. या साखळीतील नांगरट, फवारणी आणि बाजाराला नेणे सोडले तर जवळजवळ प्रत्येक कडी बाईच्या हातची आहे. एकरावर उक्ते ठरवून लागवडीच्या टोळ्या बोलावल्या जातात, त्याही बायकांच्याच. बाजारात पट्टी होते ती मात्र शेतकऱ्याच्या नावे. आणि शेतकरी म्हणजे ज्याचे नाव सातबाऱ्यावर तो.

दुधाचेही तेच. वैरण कापणे, कुट्टी, शेण, धारा, वासरांची देखभाल ही बाईची कामे. डेअरीवरचे खाते बहुधा घरातल्या पुरुषाचे. अपवाद वाढत आहेत आणि बँकेत थेट पैसे जमा होऊ लागल्यापासून काही घरांत खाते बाईच्या नावे उघडले गेले आहे. पण अपवाद तो अपवादच.

सावड किंवा वारंगुळा या नावाने चालणारी श्रमांची देवघेव पुणे जिल्ह्यात अजून टिकून आहे. आज तुझ्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तू. पैशाचा संबंध नाही. ज्या घरात पुरुष कंपनीत कामाला जातो तेथे शेती याच व्यवस्थेवर तग धरते, आणि ही व्यवस्था चालवणाऱ्या बायकाच असतात. कोणाचा दिवस कोणाकडे फिरायचा राहिला आहे याचा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का असतो. या श्रमांचा दुसरा दस्तऐवज म्हणजे जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. शेत, बैल, पाऊस, भाऊ आणि सासर हे त्यांचे नित्याचे विषय. इतिहासाला शेतकरी स्त्रीची साक्ष हवी असेल तर ती येथे आहे. महसुली दप्तरात नाही.

नाव कोठे आहे, कष्ट कोठे

महसुली दप्तरातली गोष्ट आकड्यांनी सांगता येते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ६५ टक्के शेतीवर अवलंबून होत्या; त्यांत २४ टक्के स्वतःची वा घरची शेती कसणाऱ्या आणि ४१ टक्के शेतमजूर. २०१५-१६ च्या कृषिगणनेत मात्र वहिती खातेदारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास भरले, आणि त्यांच्याकडील क्षेत्र पावणेबारा टक्क्यांच्या घरात. पाच वर्षांपूर्वीच्या गणनेत खातेदारांचे हे प्रमाण १२.८ टक्के होते. म्हणजे वाढ आहे, पण मुंगीच्या पावलाची. शिवाय या खातेदारांतील पुष्कळ जणी विधवा झाल्यावर वारस म्हणून लागलेल्या असतात, हे तलाठी कार्यालयात बसणारा कोणीही सांगेल.

कायदा स्त्रीच्या विरोधात आहे असे मात्र आता म्हणता येत नाही. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला मर्यादित हक्क मिळाला, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तो पूर्ण मालकीचा केला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः वाटा देण्याचे काम महाराष्ट्राने केंद्राच्या आधी केले. राज्याची दुरुस्ती २२ जून १९९४ पासून अमलात आली. मात्र त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली तिच्या बाहेर राहिल्या. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून ही अट नसलेली दुरुस्ती देशभर लागू केली, आणि शेतजमिनीला कायद्याबाहेर ठेवणारे जुने पोटकलमही त्याच वेळी काढून टाकले. या शेवटच्या बदलाची चर्चा कमी झाली, पण शेतकरी स्त्रीच्या दृष्टीने तोच मोलाचा. त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक आहे काय, यावर न्यायालयांत मतभेद झाले. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात ते आवश्यक नाही असा निर्णय देऊन वाद मिटवला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र त्याने उघडल्या जात नाहीत.

इतके असूनही गाडे अडते कोठे? ते अडते हक्कसोडपत्रावर. वडील वारले की वारसनोंदीसाठी सर्व मुलांची नावे लागतात. बहिणीचे नाव लागते आणि काही दिवसांत ती दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात येऊन सही करून जाते. मोबदल्यात साडीचोळी आणि दिवाळीला माहेरी येण्याचा मार्ग मोकळा. सही न करणाऱ्या बहिणीला भाऊबीज बंद होण्याची धास्ती असते आणि ती धास्ती पोकळ नसते. भावाच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. दोन-अडीच एकरांच्या खात्याचे चार तुकडे झाले तर पोट कोणाचेच भरत नाही. तेव्हा सगळा दोष एका भावाच्या लोभावर ढकलून हा प्रश्न सुटत नाही.

खरा पेच आणखी खोल आहे. मुलीला जन्मसिद्ध हक्क मिळतो तो माहेरच्या जमिनीत, आणि ती जन्मभर राबते सासरच्या जमिनीत. माहेरच्या शेतात ती कसत नाही, सासरच्या शेतात तिचे नाव नाही. नवरा जिवंत असेतोवर त्याच्या जमिनीवर पत्नीची मालकी हिंदू कायदा मानत नाही. वाटप झाले तर वाटा, विधवा झाली तर वारसा. १९९४ आणि २००५ या दोन्ही दुरुस्त्यांनी लेकीचा प्रश्न सोडवला, सुनेचा नाही. आणि शेतात दिसते ती सून.

अंगारमळ्यापासून लक्ष्मीमुक्तीपर्यंत

हा दुसरा अर्धा प्रश्न हाती घेणारे पहिले मोठे आंदोलन रांजणगावच्या शेजारच्याच खेड तालुक्यात रुजले. शरद जोशी यांनी चाकणजवळच्या आंबेठाण येथे जमीन घेऊन स्वतः शेती केली आणि चाकणच्या कांदा आंदोलनातून शेतकरी संघटना उभी राहिली. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन भरले. शेतकरी बायका इतक्या प्रचंड संख्येने स्वतःच्या प्रश्नांसाठी महाराष्ट्रात त्यापूर्वी जमल्या नव्हत्या. शेतमालाला भाव हवा, हे तर त्यांनी मांडलेच. पण घरात आलेल्या भावातील आपला वाटा कोणता, हेही विचारले.

त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. शेतकऱ्याने स्वखुशीने जमिनीचा एक तुकडा पत्नीच्या नावे करून द्यायचा. ज्या गावात शंभर वा अधिक कुटुंबे असे करतील ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. जळगाव जिल्ह्यातील विटनेर हे त्यांतील आरंभीचे नाव. जोशी या गावांतून सीतेच्या वनवासाचा दाखला देत. आपल्याही घरातल्या लक्ष्मीला बाहेर काढले तर तिच्या पायाखाली काय आहे, असा त्यांचा सवाल असे. यवतमाळ जिल्ह्यातील रावेरी येथील सीतामंदिराच्या जीर्णोद्धारात त्यांनी पुढाकार घेतला तो याच धाग्याने. पत्नीच्या नावच्या तुकड्यावर बाहेरची खते-औषधे न आणता, घरचे बियाणे वापरून करायच्या शेतीला त्यांनी सीताशेती म्हटले, आणि घरीच माल टिकवून, निवडून, प्रक्रिया करून विकण्याला माजघर शेती.

या कार्यक्रमावर टीका झाली. दिलेली जमीन बहुधा हलकी असते, ती कसणारा हात आणि विकणारे तोंड पुरुषाचेच राहते, असे आक्षेप घेतले गेले आणि त्यांत तथ्य होते. पण या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य असे की त्याने सरकारकडे काही मागितले नाही. देणारा नवरा होता. शासनाने मागाहून, १९९२ मध्ये परिपत्रक काढून पतीच्या अर्जावर सातबाऱ्यात पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. ती आजही लक्ष्मीमुक्ती योजना याच नावाने ओळखली जाते. ग्रामसभेत तिची घोषणा होते, महसूल विभागाच्या मोहिमा निघतात; तरी आपल्याला कोणी सांगितलेच नाही म्हणणाऱ्या बायका गावोगाव आहेत.

कारखाने आले तेव्हा

रांजणगाव, कारेगाव, ढोकसांगवी या परिसरात नव्वदच्या दशकात औद्योगिक वसाहत आकाराला येऊ लागली. राज्यात मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क मिळाला तेही याच दशकात, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. भूसंपादनाचा मोबदला अधिकार अभिलेखात ज्यांची नावे असतात त्यांना मिळतो. जमीन मुरमाड असताना तिच्यावरचा हक्क साडीचोळीवर सोडून दिलेला, आणि त्याच जमिनीला सोन्याचा भाव आल्यावर हाती केवळ सहीची आठवण, ही कथा पुण्याभोवतीच्या प्रत्येक औद्योगिक पट्ट्यात ऐकू येते. दिवाणी न्यायालयांत वाटपाचे दावे वाढले ते यामुळेच. बहिणी भांडखोर झाल्या असे गावात म्हटले जाते. जमिनीचा भाव भांडखोर झाला असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

उद्योगांचा दुसरा परिणाम शेतीच्या आतून झाला. तरुण पुरुष पाळीवर जाऊ लागले, खोल्या बांधून भाड्याने देऊ लागले आणि उरलेली शेती पत्नी-आईकडे आली. रात्रपाळीच्या विजेवर दारे धरायला, म्हणजे पाणी भरायला, पूर्वी गडीमाणूस जाई. आता कित्येक घरांत बाई जाते. कोणते बियाणे घ्यायचे, कधी कांदा काढायचा हे निर्णयही तीच घेते. पण पीककर्जाच्या अर्जावर सही नवऱ्याची, सोसायटीचे सभासदत्व नवऱ्याचे, कारखान्याच्या उसाची नोंद नवऱ्याची. पंतप्रधान किसान सन्मान निधी ही २०१९ मध्ये सुरू झालेली योजनाही पती, पत्नी आणि अज्ञान मुले यांचे कुटुंब हे एकच एकक धरते, आणि लाभ त्यातील जमीनधारकाला जातो. बाई कारभारी झाली, खातेदार झाली नाही.

ऊस, कोयता आणि बिबट्या

घोड आणि भीमेच्या पट्ट्यातील उसाने शेतकरी स्त्रीचा आणखी एक वर्ग या तालुक्यात आणला. दिवाळीच्या सुमारास बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. या व्यवहारात मजूर मोजले जात नाहीत, कोयते मोजले जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतो नवरा. ऊस तोडतात दोघे. मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकपर्यंत नेते बहुधा बायको. मजुरी टनावर, जोडीची एकत्र. अर्ध्या कोयत्याला स्वतंत्र नाव नाही आणि स्वतंत्र वेतनही नाही. खाडा झाला तर दंड. पाळीच्या दिवसांतही विश्रांती परवडत नाही म्हणून गर्भाशय काढून टाकणाऱ्या बायकांची प्रकरणे बीड जिल्ह्यातून २०१९ मध्ये पुढे आली आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. त्या वेळच्या सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. यांतील पुष्कळ जणी मूळच्या कोरडवाहू शेतकरी कुटुंबातल्या, म्हणजे आपल्या गावी पावसाळ्यात शेतकरी आणि येथे हिवाळ्यात मजूर.

उसाने बिबट्याही आणला. जुन्नर, आंबेगाव आणि शिरूर तालुक्यांत उसाचे दाट फड हेच बिबट्याचे घर झाले आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात त्याने माणसांचे बळी घेतले, लहान मुलेही त्यात गेली, आणि संतप्त ग्रामस्थांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला. त्या दिवसांत शेतात जाणाऱ्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला बसल्याची छायाचित्रे देशभर प्रसिद्ध झाली. ती पाहून शहरात आश्चर्य व्यक्त झाले. पण त्यामागे साधे तर्कशास्त्र होते. खुरपणारी बाई वाकलेली किंवा बसलेली असते, मान खाली असते, आणि अशी आकृती बिबट्याला नेहमीच्या भक्ष्यासारखी भासते. जे काम उभ्याने करता येईल अशी अवजारे तिच्या हाती असती तर धोका काहीसा कमी झाला असता.

अवजारांचा हा मुद्दा किरकोळ नाही. नांगरट, पेरणी, मळणी, फवारणी या पुरुषांच्या कामांना यंत्रे मिळाली. खुरपणी, लागवड आणि कांदा कापणी या बायकांच्या कामांना खुरपे आणि विळाच राहिला. १९९६ मध्ये भुवनेश्वर येथे शेतीतील स्त्रियांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले, त्यामागे हीच जाणीव होती. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने खेड्यातल्या मुलामुलींना हाताने काम करत तंत्र शिकवण्याचा प्रयोग केला. २०२३ मध्ये केंद्राने बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. ती स्वागतार्ह आहे. फक्त ड्रोन खुरपत नाही.

बियाणे राखणारी

महाराष्ट्रातील शेतकरी स्त्रीचे जे एक नाव आज सर्वतोमुखी आहे ते राहीबाई सोमा पोपेरे यांचे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावच्या, महादेव कोळी समाजातील राहीबाई शाळेत गेल्या नाहीत. वाल, घेवडा, भात, नाचणी आणि भाजीपाल्याचे गावरान वाण त्यांनी घरच्या बियाण्यातून जपले, बायकांचे गट करून वाटले आणि घरातच बीजबँक उभी केली. या कामी त्यांना साथ मिळाली ती मणिभाई देसाई यांनी पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे १९६७ मध्ये स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेची. बीबीसीने २०१८ मध्ये जगातील शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचा समावेश केला, नारीशक्ती पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. राहीबाईंना बीजमाता म्हणतात. हे बिरूद गोड असले तरी किंचित फसवे आहे. कोणते बी कोणत्या उतारावर तगते, केव्हा वाळवायचे, राखेत किती ठेवायचे हे मातृप्रेम नव्हे, ते तांत्रिक ज्ञान आहे. पुरुषाने केले असते तर त्यास वाणसंशोधक म्हटले गेले असते.

माणदेशात म्हसवड येथे चेतना गाला सिन्हा यांनी १९९७ मध्ये उभी केलेली माणदेशी महिला सहकारी बँक, किंवा मराठवाड्यात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेने पसरवलेले एक एकराचे प्रारूप, ही आणखी दोन उदाहरणे. दुसऱ्याचे सूत्र साधे आहे. कुटुंबाच्या जमिनीपैकी एक एकर, किंवा त्याहूनही कमी, बाईने मागून घ्यायची आणि तीवर घरात खाल्ली जाणारी नानाविध पिके घ्यायची. दुष्काळात नगदी पीक गेले तरी चूल चालते. संस्थेला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे विषुववृत्त पारितोषिक मिळाले. शरद जोशींच्या सीताशेतीशी या एकराचे नाते जोडण्याचा मोह होतो, आणि तो फारसा अनाठायी नाही.

जगात काय घडले

जगाच्या अन्नात स्त्रियांचा वाटा निम्मा, असे एक वाक्य भाषणांतून नेहमी ऐकू येते. त्याचा नेमका आधार कोणी देत नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०११ मध्ये मांडलेले चित्र अधिक सावध होते : विकसनशील देशांच्या शेतीतील श्रमशक्तीत स्त्रिया सरासरी ४३ टक्के, त्यांना पुरुषांइतकीच साधने मिळाली तर त्यांच्या शेतातले उत्पादन २० ते ३० टक्क्यांनी वाढेल आणि जगातील भुकेल्यांची संख्या दहा ते पंधरा कोटींनी घटेल. २०२३ च्या अहवालात त्याच संघटनेने दाखवून दिले की सारख्याच आकाराच्या शेतांत स्त्री आणि पुरुष यांच्या उत्पादकतेत २४ टक्क्यांचे अंतर आहे आणि मजुरीत पुरुषाच्या एका डॉलरमागे स्त्रीला ८२ सेंट मिळतात. हे अंतर बाईच्या अंगच्या उणेपणामुळे नाही. पाणी, कर्ज, अवजार आणि कागद यांमुळे आहे.

कागदाच्या बाबतीत काही देशांनी केलेले उपाय रांजणगावच्या तलाठ्यालाही समजतील असे आहेत. रवांडाने १९९९ च्या कायद्याने मुलींना वारशात बरोबरीचा हक्क दिला आणि पुढे देशभर जमिनीची नोंदणी करताना पती-पत्नी दोघांची नावे लावली. इथिओपियाच्या अम्हारा प्रांतात जमिनीच्या दाखल्यावर दोघांची नावेच नव्हे तर छायाचित्रेही लावली गेली. अक्षर न वाचणाऱ्या बाईलाही आपण त्या कागदावर आहोत हे कळावे म्हणून. नेपाळने स्त्रीच्या नावे जमीन नोंदवल्यास शुल्कात सवलत दिली. ब्राझीलमध्ये १९८३ साली मारल्या गेलेल्या कामगार नेत्या मार्गारिदा आल्व्हेस यांच्या नावाने २००० पासून शेतकरी-शेतमजूर बायकांचे मोर्चे राजधानीवर निघतात. भारतात डॉ. मं. सं. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकरी हक्क विधेयक, २०११ हे खासगी विधेयक मांडले. जमीन नावावर असो वा नसो, शेतीकाम करणाऱ्या बाईला ग्रामपातळीवर शेतकरी असल्याचा दाखला मिळावा, हे त्याचे मर्म. ते चर्चेला न येता २०१३ मध्ये रद्दबातल झाले. १५ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ग्रामीण महिला दिन. भारतात तो २०१७ पासून महिला किसान दिवस म्हणूनही पाळला जातो. दाखला मिळाला नाही, दिवस मिळाला.

तोवर जे हाती आहे ते लक्ष्मीमुक्तीचे परिपत्रक. त्यासाठी जमीन पतीच्या नावे असावी लागते आणि अर्ज त्यानेच करायचा असतो. पत्नीला स्वतःहून तो करता येत नाही. अर्जासोबत सातबारा, आठ-अ आणि विवाहाचा पुरावा तलाठी कार्यालयात द्यायचा, फेरफार पडला की नोटीस निघते आणि हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मग सातबाऱ्याच्या भोगवटदाराच्या रकान्यात, नवऱ्याच्या नावाखालच्या ओळीत, तिचे नाव छापून येते.